एका चावीची दोन कुलपं

दाजींचं डोकं कशावर आपटलं, याच्या इतक्या हकिकती गावभर फिरत होत्या की त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर माणूस जिवंत राहिला कसा, हाच प्रश्न पडावा. न्हाव्याला त्यांनी सांगितलं होतं, की लिफ्टचा दोर तुटता तुटता त्याची शेपटी लागली. वॉचमनला सांगितलं, की सहाव्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याला इस्त्री फेकून मारली, नवरा बेरकी, तो वाकला, आणि मागे दाजी उभे. कंपनीच्या साहेबांसाठी चोराची झटापट होती. त्यात चोराची अवस्था जास्त वाईट होती.

खरी गोष्ट फार किरकोळ होती. बायकोने नुकती पुसलेली फरशी, पायात मोजे, आणि गॅसवर उतू चाललेलं दूध. दाजींनी धाव मारली, पाय पुढे गेले, डोकं मागे राहिलं, आणि मधे ओट्याची कड आली. पण हेसुद्धा बायकोने सांगितलं म्हणून. त्यांना स्वतःला मोजे घातल्यापासून ते दवाखान्याच्या छतावरचा पंखा दिसेपर्यंतचं काहीच आठवत नव्हतं. कोरी पाटी. आणि मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी आणून ठेवायचं, हा दाजींचा जन्मजात स्वभाव. तिथे त्यांनी इस्त्री आणून ठेवली.

दाजी लिफ्टचे मेकॅनिक. अख्खं आयुष्य इमारतींच्या नरड्यात गेलं. त्यांना दाजी म्हणायचा खरा हक्क एकट्या लंबूचा, कारण तो बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पण लंबू त्यांच्या हाताखाली कामाला लागला आणि प्रत्येक लिफ्टच्या खड्ड्यातून "दाऽऽजी" अशी आरोळी वर जायला लागली. मग कंपनीने तेच उचललं. एकदा साहेबांच्या बायकोनेही भर कार्यक्रमात "दाजी, जेवून जा हं" म्हटलं, तेव्हा बसल्या बसल्या मेकॅनिकचा साडू झालेल्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लिफ्टच्या कामावर जितकी माणसं, तितकी कुलपं. इमारतीच्या माथ्यावर मशीनची खोली असते, तिथे मोठा स्विच असतो. काम सुरू करण्याआधी तो खाली ओढायचा आणि प्रत्येकाने आपापलं कुलूप त्याला लावायचं. चावी ज्याची त्याच्या गळ्यात. जोवर एक जरी कुलूप लटकतंय, तोवर एक माणूस आत आहे असं समजायचं, मग खाली मंत्री ताटकळत बसलेला असो. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्याला हात लावणं. हे दाजींनीच लंबूला शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी, टपली मारून.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला मुका मार आहे. वरून काही दिसणार नाही, पण आत सूज आहे. उजेड टाळा, झोपा, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत जोखमीच्या कामाचं नाव काढू नका. दाजींनी यातलं "बरं वाटेपर्यंत" तेवढं ऐकलं आणि रजा संपल्याबरोबर साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "एकदम ठणठणीत."

ठणठणीत नव्हते. ठणका मात्र होता. तो कानामागून निघायचा आणि डोळ्यामागे येऊन बसायचा. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी, आत कुणीतरी दार बडवत असावं आणि बाहेरच्यांनी आपलं हसत-बोलत जिन्याने जावं, तसं व्हायचं. पाना आणायला म्हणून वर जायचे आणि चहा घेऊन खाली यायचे. एकच प्रश्न लंबूला तीनदा विचारायचे. बोलता बोलता साधा शब्द हातातून निसटायचा. स्क्रू म्हणायचं असायचं आणि तोंडासमोर नुसतं भोक दिसायचं. मग ते हसून म्हणायचे, "ते हे रे, ते तुझ्या अकलेएवढं." लंबू स्क्रू द्यायचा.

"घरी बसा की थोडे दिवस," बायको म्हणायची. "काय जातंय?"

"घरी कोण बसवतंय? गोडाऊनमध्ये बसवतील. नटबोल्ट निवडायला. एकदा माणूस गोडाऊनमध्ये गेला की परत वर येत नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. तिथे खिडकीशी बसलेला म्हातारा मेकॅनिक तिनेही पाहिला होता. आलेल्या-गेलेल्याला तो बोल्ट दाखवून विचारायचा, "हा कुठल्या लिफ्टचा ओळख?" लोक घाईत असायचे. म्हणून ती गप्प बसली. लंबूही गप्प बसला. तिघांनी मिळून गप्प बसायचा संसार मांडला.

तो संसार एकदा मोडता मोडता वाचला. दाजींनी आपली चावी कुठेतरी ठेवली. कुठे, ते चावीलाच माहीत. काम संपलं, लंबूचं कुलूप निघालं, दाजींचं निघेना. खाली गुडघेदुखीचे एक आजोबा बाकावर बसून सगळ्या मेकॅनिक जातीचा उद्धार करत होते. शेवटी लंबूने कटरने कुलूप तोडलं. तुटलेलं कुलूप साहेबांनी पाहिलं.

"दाजी, तुमची चावी हरवली? तुमची?"

"हरवली कुठली! लिफ्टने गिळली, साहेब. तिच्या पोटातून काढायला निघालो होतो, हाच म्हणाला राहू दे."

साहेब हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. चावी संध्याकाळी डाव्या मोज्यात सापडली.

दुसऱ्या दिवशी लंबूने खिशातून पितळेची दोन कोरी कुलपं काढली. "ही घ्या जुळी. दोन्हींची चावी सारखीच. तुमची हरवली तर माझी लागेल. तोडातोडी नको आणि साहेबांची नजर नको."

दाजींनी कुलपाकडे पाहिलंही नाही. "एक कुलूप, एक चावी, एक माणूस. काय शिकवलं होतं मी?"

"आणि एक माणूस हल्ली अर्धाच कामावर येतो, त्याचं काय करू ते नाही शिकवलं."

"लंब्या, थोबाड फोडीन."

"वाकू का? हात पुरायचा नाही तुमचा." मग तो गंभीर झाला. "दाजी, थोडे दिवस. तुम्ही बरे झालात की आपलं पहिल्यासारखं. माझ्या कुलपाला लाल रंगाचा ठिपका लावतो, म्हणजे घोळ नको."

"ताईला सांगू नकोस."

"ताईनेच दुकानं पालथी घालून आणलीत."

लाल रंगाचा डबा शोधायचा होता. ठिपका लावायचा राहून गेला.

ती इमारत दवाखान्यांची होती. प्रत्येक मजल्यावर वेगळा डॉक्टर, प्रत्येक जिन्यावर धापा टाकणारी माणसं. दाजी आणि लंबूने वर जाऊन स्विच ओढला, दोघांनी आपापलं कुलूप लावलं आणि लंबू खाली गेला. त्याला लिफ्टखालच्या खड्ड्यातलं तेल पुसायचं होतं आणि तिथल्या स्प्रिंगा बघायच्या होत्या. एवढा उंच माणूस त्या खड्ड्यात उतरताना घडीच्या खुर्चीसारखा दुमडायचा. दाजी त्यावर रोज काहीतरी बोलायचे. त्या दिवशीही बोलले.

ऊन चढलं. मशीनच्या खोलीचा पत्रा तापला, गरम तेलाचा वास नाकातून डोक्यात गेला, आणि दारातून येणारा पांढरा उजेड सुरीसारखा आत घुसला. दाजींनी ब्रेकचं झाकण बसवलं, हत्यारं चाचपडत पिशवीत भरली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीला जाऊन बसले. गोळी घेतली. डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा समोर वॉचमन उभा होता.

"झालं का दाजी? खाली आजीबाई चाकाच्या खुर्चीत बसल्यात, त्यांचा मुलगा माझ्या सात पिढ्या काढतोय."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. आपण गच्चीवर आहोत. वॉचमन ओळखीचा आहे. म्हणजे दवाखान्यांची इमारत. इथवर आलं. पण काय करत होतो?

ते विचारायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. विचारलं की लोकांना कळतं. त्यापेक्षा आजूबाजूला बघावं आणि ताडावं. त्यांनी खोलीत जाऊन पाहिलं. ब्रेकचं झाकण बसलेलं. हत्यारं पिशवीत. म्हणजे काम उरकलंय. लंबू दिसत नाही, म्हणजे सामान आणायला गेला असणार. हे इतकं सरळ जुळलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"झालंच," ते म्हणाले.

स्विचला कुलपं दोन होती. एक उघडलं. दुसऱ्यापाशी हात थबकला. डोळ्यामागे कुणीतरी जोरात दार बडवत होतं. दाजींनी चावी घातली. फिरली.

चावी लागली म्हणजे कुलूप आपलंच. उभा जन्म हा हात हेच शिकला होता, आणि त्या हाताने डोक्याला काही विचारलं नाही. दोन्ही कुलपं पिशवीत टाकून त्यांनी स्विच वर केला. वॉचमनने कठड्यावरून खाली ओरडून सांगितलं, "चालू झालीऽऽ!" आजीबाईंच्या मुलाने बटण दाबलं.

चालू करण्याआधी दाजी नेहमी मशीनखाली दोर जिथून खाली जातो त्या भोकाशी वाकून हाळी द्यायचे, "लंब्या, बाहेर का?" त्या दिवशी दिली नाही. खाली कुणी आहे हेच ठाऊक नव्हतं, तर हाळी कुणाला देणार?

खड्ड्यात एक लाल बटण असतं, लिफ्ट जागच्या जागी थांबवायचं. ते आधीच दाबून ठेवायचं असतं, पण वर दोन-दोन कुलपं आहेत म्हणून लंबूने दाबलं नव्हतं. डोक्यावर अंधार उतरायला लागला तेव्हा त्याने उजवा हात तिकडे टाकला. बटण दाबलं गेलं. लिफ्ट थांबली. पण हात तोवर लिफ्टचा लोखंडी पाया आणि भिंतीतली पट्टी यांच्या मधे सापडला होता.

"दाजी" ही आरोळी त्या भोकातून वर आली. ती ऐकून वॉचमन जिन्याकडे धावला. दाजी तिथेच उभे राहिले.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्हाला माहीत. दाजींच्या डोक्यातून ते पुसलं गेलं. त्यांच्याकडे उरलं ते एवढंच: टाकीची सावली, आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यातला फिनेलचा वास.

लंबूचा हात कापावा लागला नाही. बोटं राहिली, पण ती आता हातमोज्याच्या बोटांसारखी नुसती लोंबत होती. साहेब भेटायला आले तेव्हा दाजी आणि बायको कॉटपाशीच होते.

"झालं कसं हे?" साहेबांनी विचारलं.

लंबूने एकदा ताईकडे पाहिलं. "माझीच चूक साहेब. कुलूप लावायला विसरलो."

दाजी ताडकन उठले. "विसरलास? कुलूप? अरे गाढवा, माणूस चड्डी घालायला विसरेल, कुलूप विसरतो? पहिल्या दिवशी टपली कशाला मारली होती मी?"

अख्ख्या वॉर्डाने वळून पाहिलं. लंबू छताकडे बघत राहिला. बायकोने दाजींची बाही ओढली. आणि खरं सांगायचं तर, ओरडता ओरडता दाजींना आत कुठेतरी बरं वाटत होतं. किती दिवसांनी दुसरं कुणीतरी विसरलं होतं.

मग ती गोष्ट न्हाव्याकडे गेली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेली. प्रत्येक फेरीत लंबूचा विसरभोळेपणा वाढत गेला. एका आवृत्तीत तर तो स्वतःचं लग्न विसरून खड्ड्यात उतरला होता. शेजारचे घरी आले तेव्हा दाजींनी तीच साग्रसंगीत ऐकवली. शेजारी हसले. आत भांडं जोरात आदळलं.

"काय गं?"

"डोकं दुखतंय," बायको आतून म्हणाली.

"आता तुझंही का?"

आत नळ जोरात सुरू झाला.

साहेबांनी दाजींना परत कामावर बोलावलं तेव्हा त्यांनी पिशवी काढून हत्यारं पुसायला घेतली. पान्यांच्या तळाशी कुलपं होती. दोन.

दाजींनी ती शेजारी शेजारी मांडली. एक आपलं. दुसरं लंबूचं, हेही कळलं. जुळी कुलपं हळूहळू आठवली. लावायला विसरला असेल तर ते त्याच्या कमरेच्या हुकाला असायला हवं. इथे का?

"अगं, लंबूचं कुलूप माझ्या पिशवीत कसं?"

मोरीतला नळ बंद झाला. "वॉचमनने उचलून टाकलं असेल."

"वॉचमन तर माझ्याबरोबर गच्चीवर होता."

"आठवतंय तुम्हाला?" ती दारात आली. हात ओलेच होते.

"नाही. तूच म्हणाली होतीस."

दाजींनी गळ्यातली चावी काढली. दुसरं कुलूप दाबून बंद केलं आणि चावी घातली. ती फिरली. त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पुन्हा.

"पुरे," बायको म्हणाली. "पुरे हो."

आठवलं काहीच नाही. माणसाला वाटतं अशा वेळी पडदा सरकेल, सगळं लख्ख दिसेल. तिथे टाकीची सावलीच होती, पहिल्यासारखी. दुसऱ्या कुणाच्या गुन्ह्याचा छडा लावावा तसा त्यांनी स्वतःचा लावला होता.

लंबू आपल्या घरी खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होता. दाजींनी दोन्ही कुलपं त्याच्यासमोर ठेवली.

"हं," लंबू म्हणाला. "ठिपका लावायला हवा होता."

"मी उघडलं?"

"मी खाली होतो दाजी. मला काय दिसणार?"

"लंब्या."

"तुम्हीच. दुसरं कोण?" तो बटणाकडेच बघत होता. "माझा हात गेलाच आहे. तुम्हाला गोडाऊनमध्ये बसवून तो परत येणारे का? ताईने तोंड कुणाकडे बघायचं? तुमच्या गोष्टी रोज बदलतात, त्यात ही एक माझी. राहू द्या ना."

"मी तुला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं."

"ते नेहमीचंच आहे." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "वॉर्डात ओरडत होतात ना, तेव्हा एकदा वाटलं, सांगून टाकावं. एकदाच वाटलं."

दाजींनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि उठले.

कंपनीच्या ऑफिसपर्यंत जाताना त्यांना एकच धास्ती होती, की वाटेत हे विसरेन. साहेबांसमोर उभा राहीन आणि तोंडातून इस्त्री निघेल. म्हणून त्यांनी लंबूचं कुलूप शर्टाच्या काजात अडकवलं, आपलं खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीत टाकलं. लोक बघत होते. बघू देत.

"हे काय नवीन?" साहेब म्हणाले.

दाजींनी सांगितलं. टाकी, ब्रेकचं झाकण, दोन कुलपं. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणून सांगितलं.

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "दाजी, इस्त्रीवाली बरी होती. यात मजा नाही."

"साहेब, हे खरं आहे."

"ते तुम्ही चोराच्या वेळीही म्हणाला होतात."

दाजींनी साहेबांच्या कपाटाच्या कडीला दोन्ही कुलपं लावली. मग एकाच चावीने एक उघडलं, आणि दुसरं उघडलं. साहेबांच्या हातातला कप तोंडाशी गेलेला तसाच राहिला.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच."

"मग इथेच थांबू द्या." कप खाली आला. आवाजही खाली आला. "मेहुण्याने स्वतः जबाब दिलाय. वरपर्यंत गेलाय. मिटलंय ते. उगाच उकरलंत तर तुम्ही जाल, मीही जाईन. तुम्ही उद्या त्या नव्या इमारतीवर जा. सोबत नवा माणूस देतो, हुशार आहे."

नवा माणूस. त्यालाही कुणीतरी ताई असणार. तो खाली उतरेल, आणि वर आपण असू, आणि ऊन असेल.

"नको," ते म्हणाले.

"नको म्हणजे?"

"मला गोडाऊनमध्ये टाका." हे शब्द आपल्याच तोंडून निघालेत हे कळायला त्यांना एक क्षण लागला. त्यांनी हत्यारांच्या पिशवीचे दोन्ही बंद एकत्र धरले, त्यात दोन्ही कुलपं अडकवून दाबली आणि चावी टेबलावर ठेवली. "आणि त्या नव्या माणसाला सांगा. एक कुलूप, एक चावी, एक माणूस. तुम्हीच सांगा साहेब. माझं काय, मी विसरेन."

साहेबांनी चावी उचलली नाही. पण परतही दिली नाही.

आता दाजी नटबोल्ट निवडतात. शेजारी तो म्हातारा असतो. दोघांत मिळून एक चांगली आठवण होते, असं तेच सांगतात. ठणका आहे. कधी कमी, कधी एवढा, की ते डोक्यावर ओलं फडकं टाकून बोल्टांकडे पाठ करून बसतात. इस्त्रीची गोष्ट कुणी मागितली तर सांगतात. लंबूच्या हाताचं कुणी विचारलं तर मात्र एकच सांगतात, आणि त्यात शब्दाचाही फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला ती थाप वाटते.

सकाळी उठल्यावर त्यांचा हात अजून गळ्याशी जातो. चावी नसते. मग उशी उलटते, गादी उचलली जाते, मोजे झटकले जातात, कपाळावर घाम फुटतो. बायको चहा घेऊन दारात उभी असते.

"सांगू?" ती विचारते.

दाजी हात वर करतात. थांब. पलंगाच्या कडेला बसून ते फरशीकडे बघत सुरुवात करतात. "चावी साहेबांकडे आहे. मीच दिली. स्विचला दोन कुलपं होती. मी दोन्ही उघडली. आणि खाली..."

कधी ते तिथेच अडतात. डोळे मिटून शोधत राहतात. चहा निवत जातो. तिला ते नाव ठाऊक आहे, तिच्या पाठच्या भावाचं आहे ते, पण ती सांगत नाही. ती वाट बघत उभी राहते.